चिलापी म्हणे धोक्यात! एकाच माशाचं नाव दोन उलट्या याद्यांत कसं?

पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणच्या आसपास ज्यांनी कधी चिलापी फ्राय खाल्लीय त्यांना जाऊन सांगा की बाबांनो हा मासा जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, ते हसतील आणि अजून एक प्लेट सांगतील. आणि हसणं बरोबरच आहे त्यांचं. उजनीत जाळं टाकलं की हीच येते, तळ्यात हीच, कॅनॉलमध्ये हीच, वाम-मरळ शोधावे लागतात पण चिलापीला शोधावं लागत नाही. आपल्याकडे तक्रार आहे ती ही जास्त झाली अशी.

पण ती यादी, म्हणजे रेड लिस्ट, उघडून ओरिओक्रोमिस मोझांबिकस हे नाव टाका, समोर येतं 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित. मराठीत आपण जिला चिलापी म्हणतो त्यातला मूळ मासा तो हाच, मोझांबिक तिलापिया. त्याहून गंमत म्हणजे ज्या आययूसीएनची, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेची, ही रेड लिस्ट आहे, त्याच आययूसीएनच्या तज्ज्ञ गटाने 2000 साली जगातल्या सगळ्यात वाईट 100 घुसखोर प्रजातींची यादी काढली होती आणि त्या यादीतही हा मासा आहे. एकीकडे 'याला वाचवा' आणि दुसरीकडे 'याला आवरा', दोन्ही एकाच घरातून. स्क्रीनशॉट लावून लोक विचारतात की हे शास्त्रज्ञ नक्की काय पिऊन याद्या करतात. तर चूक कोणतीच यादी नाहीये, दोन्ही बरोबर आहेत, आणि ते कसं हे एकदा कळलं की 'प्रजाती वाचवणं' या प्रकाराबद्दलच डोक्यात बराच उजेड पडतो.

हा मासा मूळचा कुठला आणि इथे आला कसा

नाव मोझांबिक असलं तरी मासा एकट्या मोझांबिकचा नाही. झांबेझी नदीचा खालचा भाग, मलावीतल्या शिरे नदीचा खालचा पट्टा, लिंपोपो, आणि तिथून दक्षिणेला इस्वातिनी, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या नद्या थेट ईस्टर्न केपपर्यंत, हा त्याचा मूळ प्रदेश. थोडक्यात पूर्वेला वाहत जाऊन हिंदी महासागराला मिळणाऱ्या नद्या. विल्हेल्म पीटर्स नावाच्या जर्मन निसर्गअभ्यासकाने 1852 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेत गळ टाकणारी मंडळी त्याला ब्लू कुर्पर म्हणतात, आणि तिथे तो आपल्या चिलापीसारखा बिचारा स्वस्तातला मासा नाही, चांगला मोठा आणि गळाला झुंज देणारा म्हणून त्याचा मान आहे.

आशियात तो पसरला त्याची सुरुवात जावा बेटावरून. 1930 च्या दशकाच्या शेवटी मुजाइर नावाच्या माणसाला पूर्व जावात नदीच्या मुखाशी हे मासे सापडले, त्याने ते घरी आणून गोड्या पाण्यात जगवले, वाढवले, आणि इंडोनेशियात आजही या माशाला मुजाइरच म्हणतात. आफ्रिकेतून ते तिथे कसे पोचले तो वेगळाच विषय. पण लक्षात ठेवा, अगदी मोजके मासे होते ते. पुढे याचं काम पडणार आहे.

भारतात तो आला 1952 मध्ये, तमिळनाडूत मंडपमला. तेव्हा प्रथिनांची टंचाई, नवा देश, सगळ्यांना वाटलं की हा तर चमत्कार आहे, काहीही खातो, कुठेही जगतो, भराभर वाढतो. सात वर्षांत उत्साह उतरला आणि 1959 मध्ये मत्स्यसंशोधन समितीने याचा पुढे प्रसार करायला बंदी घातली. पण मासा काही समितीचे ठराव वाचत नाही. तोवर तो तळ्यांत, धरणांत पोचलेला होता. नंतर 1970 च्या दशकात त्याचाच भाऊबंद नाइल तिलापियाही भारतात आला, त्यामुळे आज बाजारात चिलापी म्हणून जे मिळतं ते मोझांबिक, नाइल आणि त्यांची मिसळ असं काहीही असू शकतं.

(जाता जाता, आपण ज्यांना अस्सल देशी समजून चिलापीच्या नावाने बोटं मोडतो ते रोहू आणि कटलाही भीमेचे नाहीतच, ते गंगेकडचे. सरकारी बोटुकली सोडून सोडून ते 'आपले' झाले. असो.)

रेड लिस्ट जगभरचे मासे मोजत नाही

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आपल्याला वाटतं की धोक्यात म्हणजे जगात संख्या कमी. रेड लिस्टचा हिशोब तसा नसतो. प्रजातीचा मूळ प्रदेश, म्हणजे माणसाने उचलून न नेता ती स्वतःहून जिथे राहत आली तो भाग, फक्त तेवढा बघायचा आणि तिथे तिचं काय चाललंय ते तपासायचं. माणसाने दुसरीकडे नेऊन सोडलेले, तिथे वाढलेले कळप साधारणपणे धरत नाहीत. म्हणजे उजनीतली, श्रीलंकेतली, कॅलिफोर्नियातल्या साल्टन सी या खाऱ्या तळ्यातली चिलापी या हिशोबात शून्य.

आणि दुसरं म्हणजे संख्येपेक्षा उताराचा वेग बघतात. व्हल्नरेबलच्या एका नियमानुसार दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, 30 टक्के किंवा जास्त घट झाली असेल किंवा होणार असं दिसत असेल, तर प्रजाती त्या खान्यात जाते. म्हणजे लाखो मासे असले तरी घसरण जोरात असेल तर नाव लागतं. मोझांबिक तिलापिया 2007 मध्ये एक पायरी अलीकडे, 'निअर थ्रेटन्ड' मध्ये होता. 2019 मध्ये जे मूल्यांकन छापलं गेलं त्यात तो व्हल्नरेबल झाला. अजून पुढे 'एन्डेंजर्ड' आणि 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' या पायऱ्या बाकी आहेत, त्यामुळे उद्याच संपतोय असं नाही, पण दिशा खालचीच.

घुसखोरांची यादी बरोबर उलट बाजू बघते, मूळ प्रदेशाच्या बाहेर हा मासा काय धिंगाणा घालतो ते. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. दक्षिण आफ्रिकेत तर एकाच देशात दोन्ही आहेत, पूर्वेच्या नद्यांमध्ये त्याला जपायचं आणि तिथूनच उचलून वेस्टर्न केपच्या नद्यांत नेऊन सोडला तिथे तो स्थानिक छोट्या माशांना त्रास देतो म्हणून त्याच्यावर डोळे वटारायचे.

एवढा चिवट मासा संकटात येतोच कसा

खरा प्रश्न हा आहे. कारण चिवटपणात याचा हात धरणारे मासे कमी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताळमध्ये सेंट लुशिया नावाची मोठी खाडी आहे, दुष्काळात तिचं पाणी आटत आटत समुद्राच्या जवळपास तिप्पट खारट होतं, बाकीचे मासे मरतात किंवा निघून जातात आणि हा तिथेही जिवंत सापडलाय. शेवाळ, गाळातला कुजका पाला, किडे, मिळेल ते खातो. जागा कमी पडली, खाणं कमी पडलं तर हा मरत नाही, खुजा राहतो आणि बोटभर असतानाच वीण सुरू करतो. आपल्या तळ्यांत ती तळहाताएवढीच चिलापी का मिळते त्याचं हे एक कारण.

आणि पिल्लं सांभाळायची पद्धत तर बघण्यासारखी. विणीच्या हंगामात नर उथळ पाण्यात तोंडाने वाळू उचलून उचलून गोल ताटासारखा खड्डा करतो. अंग काळंकुट्ट होतं, हनुवटीखाली पांढरं, परांच्या कडा लाल. असे अनेक नर शेजारी शेजारी खड्डे करून बसतात आणि येणारी प्रत्येक मादी आपल्याच खड्ड्यात यावी म्हणून नाचतात, एकमेकांना ढुशा देतात. मादी येते, थोडी अंडी टाकते आणि लगेच वळून ती तोंडात भरते, मग नराच्या पोटाखाली तोंड नेऊन त्याचं वीर्यही तोंडात घेते, अंडी फळतात ती तिच्या तोंडातच. शेकडो अंडी तोंडात धरून ती निघून जाते आणि पुढचे दोन-तीन आठवडे जवळजवळ काही खात नाही. पिल्लं बाहेर पडली तरी सुरुवातीला तिच्या तोंडाभोवतीच घुटमळतात, सावली पडली, खळबळ झाली की परत आत. नर मात्र खड्डा सोडत नाही, पुढच्या मादीची वाट बघत तिथेच.

मगर, वाघमासा (टायगरफिश), मत्स्यगरुड, खंड्या, सगळे याच्यावर टपलेले असतात आणि लाखो वर्षं हा सगळ्यांना पुरून उरलाय. जाळी, कीटकनाशकं, धरणं यांचाही त्रास आहेच पण त्यानेही तो इतका खाली आला नसता. त्याला जड जातोय तो त्याच्याच भावकीतला मासा.

नाइल तिलापिया: फार्ममधून आलेला पाहुणा

नाइल तिलापिया हा नाइल, चाड, नायजर, व्होल्टा अशा उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेच्या खोऱ्यांमधला. तो मोझांबिकपेक्षा जास्त वेगाने वाढतो, मोठा होतो, म्हणून मत्स्यशेतीवाल्यांचा लाडका. 2020 मध्ये जगभर शेतीतून निघालेला नाइल तिलापिया जवळपास 44 लाख टन होता, एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा आकडा आहे. 1988 पासून फिलिपिन्समध्ये निवड पद्धतीने याची 'गिफ्ट' नावाची सुधारित जात तयार केली गेली, इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथले जंगली मासे आणि आशियातल्या फार्मचे मासे एकत्र करून. त्यानंतर तर जगात कुठेही तिलापिया म्हटलं की हाच.

झांबिया, झिम्बाब्वे, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका इथेही फार्मवाल्यांनी तो आणला. आणि तळ्यातला मासा तळ्यातच राहतो हा गैरसमज आहे. पूर आला की बांध फुटतो, पिंजऱ्याची जाळी फाटते, कोणी बादलीत घालून दुसऱ्या धरणात नेऊन सोडतो, गळवाल्यांना मोठा मासा हवा असतो म्हणून तेही सोडतात. लिंपोपो नदीत 1990 च्या दशकात तो दिसायला लागला. आता गंमत बघा, हे दोन मासे लाखो वर्षं वेगवेगळ्या खोऱ्यांत राहिले, मधे डोंगर आणि जमीन, कधी समोरासमोर आलेच नाहीत. त्यामुळे एकमेकांशी वीण होऊ नये अशी पक्की अडचण त्यांच्यात तयार झालीच नाही, तशी गरजच पडली नव्हती. मोझांबिकची मादी ज्या उथळ वाळूत खड्डे शोधत येते तिथेच आता नाइलचा नर, अंगावर लालसर झाक आलेला, आकाराने दांडगा, चांगली जागा बळकावून बसलेला. व्हायचं ते होतं. आणि खेचरासारखी ही पिल्लं वांझ निघत नाहीत, ती मोठी होऊन दोन्हीकडच्या माशांशी पुन्हा वीण करतात. याला संकर किंवा हायब्रिडायझेशन म्हणतात, इथून पुढे नुसतं संकर म्हणू.

संकर झाला म्हणजे मासा मेला का

बरेच लोक इथे अडतात. एकही मासा मरत नाहीये, नदी माशांनी भरलेली आहे, मग गेलं काय?

आपल्या गायींवरून बघा. माणदेशातल्या प्रत्येक खिल्लार गायीला पिढ्यानपिढ्या जर्सीचंच बीज भरत गेलो तर वीस-तीस वर्षांनी गोठे रिकामे असतील का? नाही, उलट जनावरं तेवढीच आणि दूध जास्त. पण उन्हात दिवसभर चालणारा, कमी चाऱ्यावर तगणारा, त्या शिंगांचा आणि त्या चालीचा बैल पुन्हा मिळणार नाही, कारण तो ज्यातून यायचा ती ओळच संपली. एकाही खिल्लारला कोणी मारलं नाही तरी खिल्लार गेली. फरक एवढाच की गोठ्यात शेतकरी ठरवतो कुठलं बीज भरायचं, आणि दोन-चार जण तरी हट्टाने जुनी ओळ राखतात. नदीत ठरवणारं कोणी नाही आणि एकदा मिसळलं की उलटं फिरवता येत नाही.

मोझांबिक तिलापियाचं नेमकं हेच. त्याच्यात मीठ सोसायची जी ताकद आहे, थंडी सोसायची जी ताकद आहे, ती त्या त्या नदीत फार मोठ्या काळात घडत आलेली. नाइल मिठात कच्चा, समुद्राएवढं खारं पाणी त्याला झेपत नाही, आणि थंडीतही तो मागे पडतो असं मानतात. संकरानंतर पहिल्या काही पिढ्या धडधाकट दिसतात, वाढतातही जोरात, आणि तोच धोका आहे कारण जे जोरात वाढतं ते खड्ड्यांच्या भांडणात जिंकतं. पुढे दहा-वीस वर्षांत मोठा दुष्काळ आला, खाडी खारट झाली, तर त्या मिसळलेल्या कळपात तग धरायचे गुण किती उरले असतील याची खात्री कोण देणार?

आणि हे एकट्या याच माशाचं नाही. झांबेझीच्या मधल्या भागात करिबा धरण आहे, तिथला स्थानिक ओरिओक्रोमिस मॉर्टिमेरी. नाइल तिलापिया धरणात पसरला तसा हा मागे हटला आणि आज तो क्रिटिकली एन्डेंजर्ड आहे. झांबियाच्या काफुए नदीत तीन ठिपक्यांचा ओरिओक्रोमिस अँडरसनी नाइलबरोबर मिसळलेला सापडला. व्हिक्टोरिया तलावात न्गेगे नावाचा तिलापिया एके काळी कोळ्यांच्या जाळ्यातला मुख्य मासा होता, 1950 च्या दशकात तिथे नाइल पर्च (एक मोठा शिकारी मासा) आणि नाइल तिलापिया दोन्ही सोडले, त्यात अतिमासेमारी, त्यात पाणी घाण, आणि न्गेगे मुख्य तलावातून जवळजवळ पुसला गेला, आता आजूबाजूच्या छोट्या तळ्यांत उरलाय. सगळीकडे कारणं थोडी वेगळी, पण एक नाव मात्र प्रत्येक ठिकाणी येतं.

डोळ्यांनी ओळखू येत नाही का

थोडं येतं. नाइल तिलापियाच्या शेपटीवर वरून खाली जाणारे बारीक काळे पट्टे असतात, अगदी नीट एकाशेजारी एक. मोझांबिकची शेपूट साधी, पट्टे नाहीत, आणि मोठ्या नराचं कपाळ थोडं आत गेल्यासारखं दिसतं कारण जबडा मोठा. संकराच्या माशाला अर्धवट पट्टे असतात, कुठे पुसट, कुठे तुटक. पुढच्या वेळी बाजारात गेलात तर शेपूट उघडून बघा, आपल्याकडेही दोन्ही प्रकारच्या शेपट्या दिसतील.

पण दोन-तीन पिढ्या गेल्या की शेपूट खोटं बोलते. दिसायला एकदम मोझांबिक, आणि डीएनए तपासला तर आत नाइलचा वारसा. शास्त्रज्ञ यासाठी एक खास डीएनए बघतात, मायटोकॉन्ड्रियाचा, तो फक्त आईकडून येतो. दिसणं एकाचं आणि आईकडचा वारसा दुसऱ्याचा असे मासे लिंपोपोत सापडलेत. म्हणजे कोळ्याने, अधिकाऱ्याने, अगदी जाणकार माणसानेही नुसतं बघून 'हा शुद्ध' म्हणायची सोय उरली नाही. प्रत्येक कळपाची डीएनए तपासणी करायची तर पैसा लागतो, आणि ज्या देशांत या नद्या आहेत त्यांच्यापुढे खर्चाच्या इतर शंभर गोष्टी आहेत.

"निसर्गातही मिसळ होतेच की, यात एवढं काय?"

होते. नदी बदलते, खोरी जोडली जातात, दोन प्रजाती भेटतात, कधी एक संपते कधी नवी तयार होते, आणि आफ्रिकेतल्या तलावांमध्ये तर असल्या मिसळीतून नव्या प्रजाती निघाल्याचे पुरावे आहेत. पण ते हजारो-लाखो वर्षांत, इथे-तिथे. इथे ट्रकने आणि विमानाने एकच प्रजाती एकाच वेळी प्रत्येक खोऱ्यात पोचवली जातेय, त्यामुळे निकाल सगळीकडे एकच लागतो. दहा नद्यांतले दहा वेगळे मासे जाऊन दहाही नद्यांत एकच, हे उत्क्रांतीच्या खात्यावर मांडून मोकळं होता येत नाही असं माझं मत.

"आपल्याकडे ढिगाने आहे, परत नेऊन सोडा ना"

ही सगळ्यात कॉमन सूचना, आणि कागदावर छान दिसते. आता ते जावाचे मोजके मासे आठवा. आशियातली बरीचशी मोझांबिक चिलापी त्या थोडक्या माशांची वंशावळ आहे, म्हणजे करोडोंनी संख्या असली तरी आतला वारसा अगदी तुटपुंजा, सगळे जवळजवळ एकमेकांचे नातेवाईक. मूळ नद्यांमध्ये उत्तरेच्या झांबेझीपासून दक्षिणेच्या थंड नद्यांपर्यंत जे वेगवेगळे गुण विखुरलेत ते आपल्या धरणांत नाहीतच. वर आपल्याकडेही नाइल मिसळलेला. म्हणजे इथून मासे नेऊन तिथे सोडणं म्हणजे जे टाळायचंय तेच आपल्या हाताने करणं.

"मग तिथल्या गरिबाने खायचं काय?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि संवर्धनवाले तो कधी कधी फार हलक्यात घेतात. झांबिया, मलावी, मोझांबिक इथे मासा हीच अनेक घरांची स्वस्त प्रथिनं. नैसर्गिक तलावांतली पकड कमी झालीय, लोकसंख्या वाढतेय, आणि नाइल तिलापिया सहा-आठ महिन्यांत विकण्याजोगा होतो. त्याला बंदी घाला म्हणणं सोपं, पोट भरणं अवघड.

पण पर्याय 'नाइल किंवा उपास' एवढेच नाहीत. पहिली गोष्ट, ज्या नद्यांत नाइल आधीच पसरलाय तिथे त्याची शेती झाली तर नवीन नुकसान फारसं नाही, ज्या खोऱ्यांत तो अजून पोचलाच नाही तिथे मात्र नको, एवढी साधी आखणी केली तरी बरंच वाचतं. दुसरी, 'गिफ्ट' जात काही जादूने तयार झाली नाही, चांगले वाढणारे मासे निवडत निवडत झाली, आणि तशी मेहनत स्थानिक माशांवर घेता येते. झांबियात अँडरसनीची शेती होतेच. ते मासे आज नाइलएवढे वाढत नाहीत कारण त्यांच्यावर तितकी वर्षं आणि तितका पैसा कोणी घातलाच नाही. दक्षिण आफ्रिकेत नाइल तिलापिया पाळायला परवाना लागतो आणि त्यावरून फार्मवाले आणि संवर्धनवाले यांची खडाजंगी चालूच असते. फार्मवाल्यांचं म्हणणं, शेजारचा देश करतोय, पाणी एकच आहे, आम्हीच काय पाप केलं? मुद्दा अगदीच खोटा नाही. लिंपोपोच्या काठावर चार देश आहेत आणि चारांचे नियम वेगळे.

"सगळे नरच पाळले तर वीण होणारच नाही"

भारतात तिलापिया शेतीला परवानगी देताना हीच अट घालतात. पिल्लं अगदी लहान असताना खाद्यात हार्मोन देऊन जवळजवळ सगळी नर केली जातात, नर वाढतात जास्त आणि तळ्यात पोरवडा होत नाही. आपल्यासाठी हे बऱ्यापैकी कामाचं आहे, कारण आपली भीती आहे ती सुटलेले मासे आपापसात वीण करून धरण भरून टाकतील याची.

लिंपोपोत मात्र हीच युक्ती उलटते! तिथे सुटलेल्या नाइल नराला नाइलची मादी लागतच नाही, स्थानिक मोझांबिकची मादी नदीत तयार आहे. म्हणजे नुसते नर सुटले तरी संकर व्हायचा तो होणारच, आणि हार्मोनची पद्धत शंभर टक्के नसते त्यामुळे चार माद्याही निघतातच. आपल्याकडचा उपाय जसाच्या तसा तिकडे चालत नाही याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल.

मग नदीतून नाइल काढून टाका, असंही कोणी म्हणेल. छोटं बंद तळं असेल तर रोटेनोनसारखं माशांवरचं विष टाकून सगळं साफ करता येतं, पण ते स्थानिक माशांनाही मारतं, आणि वाहत्या मोठ्या नदीत तर त्याचा विचारही करू नका.

आता आशा कुठे आहे

जिथे नाइलचं काही चालत नाही तिथे. एक म्हणजे खाड्या आणि नदीमुखं, मिठामुळे. दुसरं म्हणजे दक्षिणेकडच्या, ईस्टर्न केपच्या बाजूच्या थंड नद्या, कारण नाइलला गारठा कमी सोसतो असं मानतात. तिसरं, मोठ्या धबधब्यांच्या किंवा बंधाऱ्यांच्या वरचे तुटक भाग, जिथे खालून मासा चढू शकत नाही. यातला बंधाऱ्यांचा प्रकार मजेशीर आहे, एरवी नदीवरचे बंधारे माशांची ये-जा अडवतात म्हणून संवर्धनवाले त्यांच्या नावाने ओरडतात, आणि इथे तोच बंधारा शुद्ध कळपाचा पहारेकरी होतो. म्हणजे एखाद्या नदीत माशांसाठी शिडी बांधावी की बांधू नये याचं उत्तर खाली कोण पोहतोय यावर ठरतं.

अर्थात थंडीचा भरवसा किती दिवस धरायचा हा प्रश्न आहेच. पाणी तापत गेलं तर नाइलला आज जिथे गारठा लागतो त्या नद्या उद्या त्याला मानवतील. मिठाची भिंत त्या मानाने पक्की, पण खाड्यांना वरून नदीचं पाणी, खालून समुद्र आणि काठावर माणसं, तिथलेही व्याप कमी नाहीत.

आत्ता करण्यासारखं काम कंटाळवाणं आहे: नदी नदी फिरून नमुने घ्यायचे, डीएनए बघायचा, कुठला कळप अजून निखळ आहे त्याचा नकाशा करायचा आणि त्या खोऱ्यात नवीन फार्मला परवाना देताना तो नकाशा टेबलावर ठेवायचा. दक्षिण आफ्रिकेत मखांडा गावात गोड्या-खाऱ्या पाण्यातल्या जीवांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, एसएआयएबी, नामशेष समजलेल्या सीलाकांथ माशाला 1939 मध्ये शास्त्रीय नाव देणाऱ्या जे. एल. बी. स्मिथ यांच्या कामातून उभी राहिलेली. आफ्रिकेतल्या माशांचे नमुने तिथे मोठ्या प्रमाणात जपलेत. नाइल यायच्या आधी गोळा केलेले मोझांबिकचे जुने नमुने अशा संग्रहांत असतात, आणि 'आधी हा मासा कसा होता' हे ताडून बघायला तेच कामाला येतात.

आणि हो, आपण चिलापी खायची की नाही? खुशाल खा. रेड लिस्टमधलं नाव बघून उजनीतली चिलापी खाणं थांबवल्याने लिंपोपोतल्या एकाही माशाचं भलं होणार नाही, उलट खाल्ल्याने इथल्या वाम-मरळीला झाली तर थोडी जागाच होईल. फक्त घरातल्या टाकीतली किंवा शेततळ्यातली उरलेली नेऊन दुसऱ्या ओढ्यात सोडू नका.

रेड लिस्टची मूल्यांकनं दहा वर्षांहून जुनी झाली की शिळी धरतात, म्हणजे 2019 च्या त्या नोंदीची पुन्हा तपासणी व्हायची वेळही आता फार लांब नाही. तेव्हा त्यात एकूण मासे किती हा आकडा शोधत बसू नका, संकर न झालेले कळप किती नद्यांत उरले ती ओळ वाचा.